होकाराला एक, नकाराला दोन

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. शाळेच्या व्हरांड्यात टांगलेली नव्हे आणि सायकलच्या हँडलवरची तर नव्हेच. मी टेबलावर बसणारी घंटी. माझ्या डोक्यावर एक खुंटी आहे. ती बोटाने दाबली की आतली छोटी हातोडी माझ्या पितळी वाटीवर आपटते आणि दाराबाहेरचा माणूस आत येतो. एवढेच माझे काम. पण हे काम मी एका देशाच्या पंतप्रधानांच्या टेबलावर केले आहे. त्यामुळे मला थोडा तोरा आहे, तो तुम्ही पोटात घाला.

माझ्या डाव्या कुशीला एक पोचा आहे. पूर्वी माझा आवाज 'टिंग' असा स्वच्छ यायचा, आता तो सर्दी झालेल्या माणसासारखा जरा बसका येतो. पोचा पाहून लोक हळहळतात. मला मात्र त्याची लाज वाटत नाही. तो कसा पडला, हेच मला आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक खोली, एक भट्टी आणि एक कुरकुरणारे लेथ. माझा कारागीर अबोल होता आणि त्याची उरलेली वाक्ये त्याची बायको बोलत असे. वाटी घडवून झाल्यावर त्याने मला कानाशी धरून वाजवले, तोंड वाकडे केले आणि माझी कड पुन्हा घासायला घेतली. पुन्हा वाजवले, पुन्हा घासले. झिलई द्यायला बसलेली बायको कंटाळली.

"अहो, पुरे की आता. घंटी आहे ती, गवई नाही."

"हिला जन्मभर एकच शब्द बोलता येणार आहे," कारागीर म्हणाला. "तो तरी नीट बोलू दे."

त्या अबोल माणसाचे हे वाक्य मी कधी विसरले नाही. एकच शब्द बोलता येणे म्हणजे काय, हे मला पुढे फार जवळून बघायला मिळाले.

पंतप्रधानांच्या टेबलावर मी पोहोचले तेव्हा तिथे दुसरेच कोणी होते. ते मला मुठीने बडवत. त्यांच्यानंतरचे मला विसरूनच गेले. ते सरळ ओरडत. मग साहेब आले. खरे तर टेबलामागे बसणारा प्रत्येकच साहेब असतो, पण माझ्यासाठी साहेब म्हणजे हेच एक.

साहेब एका बेटावरच्या नावाड्याचे चिरंजीव. अंगाने आडवे, आवाजाने मोठे आणि बोटाने हलके. मला दाबताना जणू झोपलेल्या मुलाला उठवायचे आहे अशा बेताने दाबत. पाहुणे यायचे असले की शर्टाच्या बाहीने मला पुसत आणि म्हणत, "हिचा आवाज ऐका. एक शब्द बोलते, पण स्वच्छ. आमच्या सभागृहात असा एक तरी माणूस दाखवा." पाहुणे हसत आणि मी मनातल्या मनात फुगून भोपळ्याएवढी होत असे.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा धाकटे बसलेले असत. धाकटे म्हणजे उपपंतप्रधान. गंमत अशी की ते साहेबांपेक्षा वयाने मोठे होते. पण पद दुसरे, अंगकाठी लहान आणि बोलणे हळू, म्हणून सगळे त्यांना धाकटे म्हणत. दोघांची मैत्री तरुणपणापासूनची. साहेबांनी गर्जना करायची आणि धाकट्यांनी नंतर शांतपणे काम उरकायचे, अशी वाटणी होती. साहेब बाहेर गेले तरी धाकटे त्यांच्या खुर्चीत बसत नसत. बाजूच्या स्टुलावर बसूनच कागद बघत.

आणखी एक मॅडम अधूनमधून येत. कायद्यांचे मसुदे लिहिणे हे त्यांचे काम. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असे आणि लिहिलेले प्रत्येक वाक्य त्या मोठ्याने वाचून बघत, कारण स्वल्पविराम चुकला तर माणूस तुरुंगात जातो असे त्यांचे म्हणणे. एकदा त्यांनी साहेबांपुढे एक मसुदा ठेवला. मोठ्या पदावरचा माणूस आजारपणाने काम करेनासा झाला तर कारभार कोणी आणि कसा चालवायचा, याचा तो कायदा होता. पंतप्रधान वारले तर काय करायचे, हे त्या देशाच्या कायद्यात लिहिलेले होते. त्यांनी राजीनामा दिला तर काय, तेही होते. पण माणूस जिवंत आहे, राजीनामाही देत नाही आणि कामही करू शकत नाही, तर काय करायचे, यावर कायदा मुका होता.

साहेबांनी पहिले पान वाचले आणि खो खो हसले. "म्हणजे पंतप्रधान आजारी आहेत हे जाहीर कोणी करायचं, असंच ना? मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?"

"तेच लिहिलंय, साहेब," मॅडम म्हणाल्या. "कोणी बांधायची आणि कधी बांधायची."

"पण आत्ताच कशाला? मी काय मरायला टेकलोय?"

"मरायला टेकल्यावर हे वाचायची कुणाला शुद्ध राहत नाही."

साहेबांना उत्तर आवडले, पण मसुदा काही त्यांनी पुढे नेला नाही. पुढच्या अधिवेशनात बघू म्हणाले आणि चहा मागवण्यासाठी मला दाबले. पुढची अधिवेशने आली तशी गेली. धडधाकट माणसाला आजारपणाचा कायदा नेहमीच दुसऱ्याच्या घरचा वाटतो.

मग ती सकाळ आली. खिडकीतून ऊन टेबलावर आले होते. साहेब काहीतरी सांगत होते आणि धाकटे स्टुलावर बसून मान डोलवत होते. साहेबांनी वाक्य अर्धे सोडले आणि माझ्याकडे हात आणला. बोट खुंटीवर न येता माझ्या कडेवर आले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कडेवरच. मी वाजले नाही. साहेबांनी माझ्याकडे असे बघितले, की जणू मी त्यांची ओळख विसरले आहे. धाकट्यांनी मान वर केली, तर साहेबांचे अर्धे तोंड खाली ओघळलेले. इतक्या हळू बोलणारा तो माणूस त्या दिवशी दारापर्यंत ओरडत गेला.

साहेब वाचले. पण उजवे अंग गेले आणि वाचा गेली. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले, "त्यांना कळतंय सगळं. शब्द सापडत नाहीयेत, एवढंच."

एवढेच, मित्रांनो. सभागृह हलवणाऱ्या माणसाला शब्द सापडत नव्हते, एवढेच.

साहेबांना घरी आणल्यावर त्यांच्या सचिवांनी मला रुमालात गुंडाळून तिथे नेले. ओळखीची वस्तू जवळ असावी, हा त्यांचा हेतू. सचिव मनाचे वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. ते साहेबांवर जीव टाकत. साहेब बरे होईपर्यंत बाहेर बभ्रा होऊ नये आणि कुणी खुर्चीवर टपू नये, एवढेच त्यांना हवे होते. लोकांना सांगितले गेले की साहेब घरून काम पाहत आहेत. मला साहेबांच्या डाव्या हाताशी एका छोट्या टेबलावर ठेवले.

"साहेब, मी कागद वाचून दाखवतो," सचिव म्हणाले. "मंजूर असेल तर घंटी वाजवा. एकदाच."

साहेबांनी डावा हात उचलला आणि मला दाबले. सचिवांच्या डोळ्यांत पाणी आले. खोलीत सगळ्यांनाच वाटले की मार्ग सापडला. मलाही वाटले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान होता. शिपायाला बोलावणारी मी, आता देशाचा कारभार माझ्यावर चालणार होता.

त्या खोलीत शिकलेली माणसे होती, कारभारात मुरलेली माणसे होती. पण होकाराला एक टोला ठरवताना नकाराला काय, हे विचारायचे कुणाच्याच लक्षात आले नाही. कसे येणार? साहेब कुणाला 'नाही' म्हणत तेव्हा ते भिंतीपलीकडे ऐकू जाई. त्यासाठी वेगळी सोय लागेल, असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

मग काय झाले, बघा. साहेबांनी मला दाबले, की कागद मंजूर. नाही दाबले, की सचिव प्रेमाने म्हणत, "थकलात तुम्ही. उद्या विचारतो." उद्या पुन्हा तोच कागद. परवा पुन्हा. कधी ना कधी मी वाजतच असे. कधी साहेबांना खरेच 'हो' म्हणायचे असे. कधी कूस बदलायची असे, कधी उशी टोचत असे, कधी हात नुसताच माझ्यावर पडे. बोट मनाने आले की आपोआप पडले, हे माझ्या खुंटीला बरोबर कळत होते. पण माझ्याजवळ एकच शब्द, आणि तो वाजला की झाले. कागदावर सचिव सुबक अक्षरात लिहीत, 'मा. पंतप्रधानांच्या तोंडी आदेशानुसार'. तोंडी! त्या खोलीत तोंड एकच होते आणि ते पितळेचे होते.

साहेबांच्या पत्नी दिवसभर तिथेच असत. त्या लहान मुलांच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि सगळे गाव त्यांना बाई म्हणे. सरकारी कागद वाचले जात तेव्हा त्या उठून स्वयंपाकघरात जात, कारण सरकारच्या कामात घरच्यांनी नाक खुपसू नये, अशी त्या घरची जुनी शिस्त होती. त्या शिस्तीमुळेच पुढचे सगळे त्यांच्या नजरेआड घडत राहिले.

एके दिवशी दुपारी सचिव एक कागद वाचत होते. दूरच्या बेटांवरचे छोटे दवाखाने बंद करून सगळ्यांना बंदरावरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचे, असा तो प्रस्ताव. त्या बेटांत साहेबांचे बेटही होते. तिथला दवाखाना साहेबांनी स्वतः उभा केला होता, कारण त्यांच्या थोरल्या बहिणीला डॉक्टरकडे नेता नेता होडीतच बाळ झाले होते आणि ते बाळ जगले नव्हते. साहेबांचा हात माझ्यापासून दूर होता, मुठीत आवळलेला. सचिव म्हणाले, "उद्या विचारतो." दुसऱ्या दिवशी तोच कागद. मूठ तशीच. तिसऱ्या वेळी साहेबांच्या घशाला कोरड पडली होती. पाण्याचा पेला माझ्या पलीकडे होता. त्यांनी पेल्याकडे हात नेला, हात अर्ध्यात गळाला आणि माझ्यावर पडला.

टिंग.

सचिवांनी कागद मिटला, वाकून नमस्कार केला आणि पाण्याचा पेला तिथेच ठेवून ते निघून गेले.

बाई रोज सकाळी साहेबांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. वर्गात धडा वाचावा तसे, ठसठशीत. काही दिवसांनी त्यांनी एक बातमी वाचायला घेतली आणि त्यांचा आवाज वाक्याच्या मध्यावर मंदावला. बेटावरच्या दवाखान्याला कुलूप लागले होते. बातमीत लिहिले होते, 'पंतप्रधानांच्या आदेशाने'. सोबत एका म्हाताऱ्याचा फोटो होता. होडीत आडवा, छत्रीखाली, मोठ्या रुग्णालयाकडे निघालेला.

बाईंनी पेपर खाली केला. "असा आदेश तुम्ही दिलात?"

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांनी डावा हात उचलला, माझ्या कुशीला लावला आणि मला टेबलावरून ढकलून दिले.

मी फरशीवर आपटले. बाईंनी मला उचलले, पदराने पुसले आणि परत जागेवर ठेवले. "हात घसरला होय?" साहेबांनी मला पुन्हा ढकलले. या वेळी मी पलंगाच्या लोखंडी पायावर आदळले आणि माझ्या कुशीला पोचा पडला. दुखले, मित्रांनो. पण त्या हाताचा धक्का मी ओळखला. तो पडलेला हात नव्हता. आजारपणानंतर इतके मनापासून त्यांनी मला कधीच हाताळले नव्हते.

बाई मला हातात घेऊन उभ्या राहिल्या. न बोलणाऱ्या मुलांच्या मनातले ओळखण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्या हळूच म्हणाल्या, "घसरला नाही. तुम्ही नाही म्हणताय. तुम्हाला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही आम्ही."

त्या दुपारी सचिव आले, तेव्हा बाई स्वयंपाकघरात गेल्या नाहीत.

"सचिवसाहेब, तुम्ही यांना 'हो' दिलंत. 'नाही' कुठंय?"

सचिवांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ते चष्मा काढून पुसू लागले. "बाई, काम थांबलं असतं तर लोक म्हणाले असते साहेब संपले. ते मला ऐकवलं नसतं."

धाकटेही आले होते. ते भिंतीला टेकून उभे होते. "आणि मी एकही सही केली नाही," ते म्हणाले. "केली असती तर म्हणाले असते, म्हातारा टपूनच बसला होता. लोकांच्या तोंडाला भिऊन मी स्टूल सोडलं नाही. आणि इकडे याच्या नावावर काय काय चाललं होतं."

बाई कुणावर रागावल्या नाहीत. त्यांनी मला साहेबांच्या हाताशी ठेवले आणि वर्ग सुरू केला. "होकाराला एक, नकाराला दोन. आधी सोपे प्रश्न. खिडकी उघडू?" एक टोला. "रेडिओ लावू?" दोन टोले. "दाढी करायची?" दोन. "करायला हवी हो, खुंट वाढलेत." पुन्हा दोन, जरा जोरात. मग बाईंनी सगळ्यांसमोर विचारले, "मी आवडते का तुम्हाला अजून?" साहेबांनी बाईंकडे बघितले आणि मुद्दाम, अगदी ऐटीत, दोनदा वाजवले. त्यांचे चालणारे अर्धे तोंड हसत होते. बाई खोटे खोटे फुगल्या. मग थोड्या वेळाने, कुणी काही विचारले नसताना, साहेबांनी मला एकदाच दाबले.

माझा आवाज त्या दिवसापासून बसका झाला होता. पण मला आता दोन शब्द येत होते.

पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत मॅडम आल्या. अंबाड्यात पेन्सिल, काखेत तोच जुना मसुदा. डॉक्टर होते, सचिव होते, बाई होत्या. प्रश्न एकच होता आणि तो विचारायला कुणाची जीभ रेटत नव्हती. शेवटी धाकटेच पलंगाजवळ बसले.

"हे बघ," ते म्हणाले. "तू बरा होईपर्यंत कारभार मी बघू का?"

साहेबांनी लगेच मला दाबले. एकदा. खोलीने श्वास सोडला. मॅडमनी मसुदा उघडला आणि नोंदीसाठी म्हणून विचारले, "म्हणजे साहेब, आपण पद सोडताय?"

दोन टोले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मॅडमनी प्रश्न उलटापालटा करून पुन्हा विचारले. उत्तरे तीच. धाकट्यांनी कारभार बघावा, होय. साहेबांनी पद सोडावे, नाही.

"साहेबांचा गोंधळ होतोय," सचिव कुजबुजले.

"त्यांचा कसला गोंधळ?" बाई म्हणाल्या. "मॅडम, तुमच्या कायद्यात काय लिहिलंय?"

मॅडमनी मोठ्याने वाचले. "पदाधिकारी असमर्थ ठरल्यास त्याचे पद रिक्त झाले असे समजावे."

"रिक्त म्हणजे रिकामं. अहो, माणूस इथं पडलाय डोळे उघडे ठेवून, आणि तुम्ही त्याची जागा रिकामी म्हणता? मी बाजारात जाताना थोरल्या पोराला सांगते, घर सांभाळ. म्हणजे मी घर सोडलं का? का त्याच्या नावावर करून दिलं? त्यानं दाराला कडी घालावी, दूध उतू गेलं तर गॅस बंद करावा, कुणी आलं तर बोलावं. आणि मी परत आले की दार उघडावं. इतकं साधं तुमच्या कायद्यात बसत नाही?"

मॅडमनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि 'रिक्त' या शब्दावर आडवी रेघ मारली. मग वर लिहिले, 'सांभाळ'. आणि सवयीप्रमाणे वाक्य मोठ्याने वाचून बघितले. साहेबांनी, विचारले नसतानाही, एक टोला दिला.

त्या विधेयकावर सभागृहात बरीच खडाजंगी झाली. बाई प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसल्या होत्या आणि मी त्यांच्या पिशवीत. साहेब बोलू शकत नाहीत, हे धाकट्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले. दवाखाना कसा बंद झाला, तेही त्यांनी लपवले नाही. मग प्रश्नांची सरबत्ती झाली. उद्या एखाद्या उपपंतप्रधानाने धडधाकट माणसाला आजारी ठरवले तर? घरच्यांनी आजारी माणसाला धडधाकट ठरवले तर? प्रश्न खरे होते, म्हणून कायद्यात त्यांची उत्तरे घालावी लागली. डॉक्टर घरच्यांनी निवडायचे नाहीत आणि मंत्र्यांनीही नाहीत. निर्णय एकट्याने घ्यायचा नाही. सभागृहापासून काही लपवायचे नाही.

एक सदस्य उठून म्हणाले, "सांभाळणे हा काय कायद्याचा शब्द झाला? हा तर पाळणाघरातला शब्द आहे."

धाकटे नेहमीसारखे हळू बोलले. "पाळणाघरातल्या पोरांना कळतो, तर आपल्यालाही कळायला हरकत नसावी."

हशा पिकला आणि शब्द राहिला. त्याच्याखाली मॅडमनी आणखी एक कलम लिहिले होते. आजारी पदाधिकाऱ्याला आधी त्याचे मत विचारावे आणि ते अशा रीतीने विचारावे, की त्याला होकार आणि नकार दोन्ही देता येतील. मित्रांनो, मोठमोठ्या वीरांच्या जखमांची वर्णने पुस्तकांत असतात. माझ्या पोच्याचे कलम झाले. पिशवीतल्या अंधारात मी किती सुखावले, ते सांगता येत नाही.

विधेयक मंजूर झाले. मला पिशवीतून काढून साहेबांच्या हातात देत बाई म्हणाल्या, "झालं तुमचं काम. आता मुकाट्याने औषध घ्या." साहेबांनी दोन टोले दिले.

धाकटे खुर्चीत बसले. पहिल्या दिवशी अगदी कडेवर बसले, म्हणे. बसायची भीती वाटत होती. बेटावरच्या दवाखान्याचे कुलूप काढण्याच्या कागदावर त्यांनी पहिली सही केली आणि त्याखाली स्वतःचेच नाव लिहिले. 'तोंडी आदेशानुसार' नाही.

साहेबांना शब्द सापडू लागले, पण एकेक करून, रुसलेल्या मुलांसारखे. पहिला आला तो 'होडी'. मग 'पाणी'. मग बाईंचे लग्नाआधीचे लाडके नाव, जे ऐकून बाई उठून दुसऱ्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. वर्ष उलटून गेले तेव्हा साहेब काठी टेकत चालत होते आणि दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलत होते. परत यायचे असेल तर नव्या कायद्याने दार उघडे होते. मी परत आलो, एवढे त्यांनी स्वतः सांगायचे होते.

एके दिवशी ते कचेरीत गेले. मी त्यांच्या खिशात होते. त्यांना दारात बघून धाकटे ताडकन उठले, खुर्ची मागे सरकवली आणि बाजूच्या स्टुलाकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला रडू आले. पितळेला जितके येते तितके.

"ये," धाकटे म्हणाले. "बस. तुझीच आहे."

साहेब टेबलापर्यंत आले. खिडकीतून ऊन पडले होते, त्या सकाळी पडले होते तसेच. त्यांनी मला खिशातून काढून माझ्या जुन्या जागेवर ठेवले. धाकट्यांकडे बघितले. आणि सावकाश, एकेक टोला मोजून द्यावा तसे, मला दोनदा दाबले.

साहेबांनी शब्द शोधले. मिळाले.

"नाही. मीच... सोडतो. आता तू... सांभाळू नको. आता... कर."

मित्रांनो, आधी त्यांचे पद कुणी काढून घेतले असते, तर तेही दुसऱ्याच्याच मर्जीने झाले असते. त्या दिवशी त्यांनी ते आपल्या तोंडाने सोडले. दोन्हींत किती फरक आहे, ते त्यांच्या ताठ मानेकडे बघून कळत होते. धाकट्यांनी त्यांना मिठी मारली. साहेबांची काठी कधी पडली आणि दोघांपैकी कुणी उचलली, ते गडबडीत मला दिसले नाही.

साहेब मला परत घरी घेऊन आले. कचेरीत तोवर दाराबाहेरच्या माणसाशी बोलायची यंत्रे आली होती आणि माझी गरज उरली नव्हती. त्यानंतरची वर्षे सुखाची होती. साहेब बाईंशी भांडण्यासाठी मला वापरत. शब्द अडला की दोन टोले.

आता साहेब नाहीत. मी खिडकीत असते, एका कुंडीशेजारी. बरीच वर्षे कुणी मला पुसलेही नाही. पितळ काळवंडले, हातोडीला गंज चढू लागला. धाकटे अजून येतात, आता फारच हळू बोलतात. एकदा ते बाईंना म्हणाले, "हिचा पोचा काढून आणू का? ओळखीचा कारागीर आहे." बाई म्हणाल्या, "हात लावू नका. ते कलम आहे."

परवा मात्र बाईंनी मला खिडकीतून उचलले. त्यांची लेक भेटायला आली होती. बाईंनी मला भुकटीने घासून लखलखीत केले, हातोडीला तेलाचा थेंब दिला आणि टेबलावर ठेवले.

"हे बघ," त्या लेकीला म्हणाल्या. "माझं काही बरंवाईट झालं, जीभ उचलेनाशी झाली, तर घर तू सांभाळायचं. माझं मत विचारायचं. होकाराला एक, नकाराला दोन. दोन वाजले तर वाद घालायचा नाही."

लेकीचा चेहरा उतरला. "आई, आत्ताच कशाला हे?"

हे शब्द मी पूर्वी ऐकले होते. त्याच घरातल्या दुसऱ्या एका धडधाकट माणसाच्या तोंडून.

"आत्ताच," बाई म्हणाल्या. "आत्ता मला बोलता येतंय म्हणून. चल, विचार काहीतरी."

लेकीने डोळे पुसले. "काय विचारू? चहा घेणार?"

बाईंनी मला दोनदा दाबले. लेक सवयीने उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने चहाचे आधण ठेवले. बाईंनी पुन्हा दोनदा दाबले. आतून आवाज आला, "अगं, अर्धा कप घे." बाई हसू लागल्या, आणि हसता हसता मला दाबत राहिल्या, दोन, पुन्हा दोन, पुन्हा दोन. शेवटी लेक दारात आली. तिने बाईंकडे बघितले, मग माझ्याकडे. तिच्या काहीतरी लक्षात आले. ती आत गेली आणि तिने गॅस बंद केला.

मित्रांनो, माझे सांगणे फार थोडे आहे. घरातल्या आजारी माणसाशी तुम्ही प्रेमाने वागाल, याची मला खात्री आहे. पण त्याच्या हाताशी घंटी ठेवाल, तेव्हा ती दोनदा वाजली तर काय समजायचे, हे आधी ठरवून ठेवा. आणि ती दोनदा वाजली, की गॅस बंद करा.